शेवट कापला तर

कराचीतल्या एका गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत. मोटरसायकलवरून दोघं येतात, मागे बसलेला वाकून एका पोराला उचलतो आणि गाडी सुसाट निघते. बाकीची पोरं मागे धावतात. हे सगळं वरून, एका कोपऱ्यातून दिसतं, दुकानाबाहेरच्या सीसीटीव्हीत दिसावं तसं. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं ही छोटी फिल्म लोकांना सावध करायला करवून घेतली होती. पुढच्या काही सेकंदांत तीच मोटरसायकल परत येते, पोराला खाली ठेवते आणि मागचा माणूस एक फलक उघडून दाखवतो. या शहरात मूल पळवायला एक क्षणही पुरतो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो.

२०१८ साली ही फिल्म भारतात व्हॉट्सॲपवर फिरू लागली, तेव्हा तिचे शेवटचे सेकंद कुणीतरी कापून टाकले होते. आता पोरगं परत येत नव्हतं आणि फलकही नव्हता. उरलं होतं ते एका अपहरणाचं चित्रण, आणि सोबत ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे’ असा निरोप. त्या वर्षी देशात जागोजागी अनोळखी माणसांना जमावानं मारलं. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. ते मुलं पळवणारे आहेत असं कुणीतरी म्हटलं. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मरेपर्यंत मारलं. त्या मारहाणीचंही फोनवर चित्रण झालं आणि तेही फिरलं.

आजच्या समाजातल्या भीतीवर भयपट करू बघणाऱ्या, किंवा तिच्यावर चित्र, शिल्प, मांडणशिल्प रचू बघणाऱ्या प्रत्येकानं कराचीच्या त्या फिल्मचा अभ्यास करावा असं मला वाटतं. तिचा हेतू नेक होता आणि तिचं तंत्र उत्तम होतं. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’नंतर भयपटवाल्यांनी घासूनपुसून तयार केलेलं, ‘हे कुणी रचलेलं नाही, नुसतं सापडलेलं आहे’ असं भासवणारं तंत्र तिनं अचूक वापरलं. पण तिचं सगळं कसब भीती निर्माण करण्यात गेलं होतं आणि अर्थ मात्र शेवटच्या फलकावर लिहिलेला होता. फलक काढून घ्यायला दोन मिनिटं पुरली. मागे राहिलेली भीती कुणाच्याही अंगावर सोडता येण्यासारखी होती.

आपल्याकडचे बरेचसे ‘सामाजिक’ भयपट याच घडणीचे असतात. दीड तास बाई किंचाळते, दारं आपटतात, आरशात कुणीतरी उभं असतं. मग शेवटी एक पात्र कॅमेऱ्याकडे तोंड करून स्त्रीभ्रूणहत्येवर किंवा अंधश्रद्धेवर बोलतं, किंवा काळ्या पडद्यावर आकडेवारी उमटते. प्रेक्षक घरी नेतो ते किंचाळणं. म्हणून माझी सूचना साधी आहे. सामाजिक भीतीवर फिल्म करणाऱ्यानं ती पूर्ण झाल्यावर तिची शेवटची पाच मिनिटं काढून टाकावीत आणि उरलेली एखाद्या परक्या माणसाला दाखवावी. तो बाहेर पडताना कुणाला घाबरत असेल? भिक्षेकऱ्याला, विधवेला, वस्तीतल्या पोराला घाबरत असेल, तर फिल्म फसली आहे. काढलेली पाच मिनिटं कितीही उदात्त असली तरी.

या चाचणीला पुरून उरणारा अलीकडचा सिनेमा म्हणजे जॉर्डन पीलचा २०१७ चा ‘गेट आउट’. ख्रिस हा कृष्णवर्णीय तरुण आपल्या गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांकडे जातो आणि ते मोठं, उदारमतवादी, पाहुण्याला मिठी मारणारं घर त्याला गिळायला बसलेलं असतं. शेवटी तो कसाबसा निसटतो, रक्तानं माखलेला, रस्त्यावर. शेजारी ती गोरी मुलगी पडलेली. तेवढ्यात मागून लाल-निळे दिवे लुकलुकतात. ख्रिस हात वर करतो. कोणत्याही नेहमीच्या भयपटात पोलिसांची गाडी आली की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. इथे सगळ्या थिएटरच्या पोटात गोळा येतो, गोऱ्या प्रेक्षकाच्यासुद्धा. पीलनं याचे दोन शेवट चित्रित केले होते. एकात खरोखरचे पोलीस येतात आणि ख्रिस तुरुंगात जातो. प्रदर्शित झालेल्या सिनेमात गाडीतून त्याचा मित्र उतरतो. यातला कोणता शेवट ठेवला याला माझ्या दृष्टीनं दुय्यम महत्त्व आहे. दोन्ही काढून टाका, ते लुकलुकणारे दिवे राहतातच, आणि अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसानं पोलिसांची गाडी बघितल्यावर त्याला काय वाटतं हे दीड तासात आपल्या शरीराला शिकवून झालेलं असतं. शिकवणीसाठी एकही भाषण लागलेलं नाही.

प्रयोगशीलतेचा प्रश्नही मी इथूनच बघतो. तरुणांचे भय-लघुपट बघताना एक गोष्ट सारखी जाणवते: प्रयोग म्हणून जे केलेलं असतं ते विषयाला वरून फासलेलं असतं. तिरकी चौकट, घुमणारा खर्ज, लाल प्रकाश, मधेच उलटी फिरणारी दृश्यं. ही सगळी सामग्री कुठल्याही विषयाला चालते, आणि म्हणूनच ती त्या विषयाची नसते. खरा प्रयोग भीती ज्या यंत्रणेतून माणसापर्यंत येते त्या यंत्रणेलाच फिल्मचं रूप देतो. २०२० च्या टाळेबंदीत रॉब सॅव्हेजनं ‘होस्ट’ केला तो असा. नट आपापल्या घरी, कॅमेरा आणि दिवे त्यांनीच लावलेले, दिग्दर्शक दूरवरून सूचना देणारा, आणि सबंध गोष्ट एका झूम कॉलच्या चौकोनांत. मैत्रिणीच्या चौकोनात काहीतरी घडतंय, ते डोळ्यांदेखत दिसतंय आणि तिच्यापर्यंत पोचता येत नाही. त्या महिन्यांत ज्यांनी आपल्या माणसांना फक्त पडद्यावर पाहिलं आणि शेवटचं पाहिलं, त्यांना ही भीती समजावून सांगावी लागली नाही. कियोशी कुरोसावाच्या २००१ च्या ‘कैरो’मध्ये इंटरनेटच्या वाटेनं भुतं येतात, पण ती कुणावर झडप घालत नाहीत. ती फक्त एकटी असतात, आणि तो एकटेपणा जिवंत माणसांना लागतो. माणसं भिंतीवरचा काळा डाग होऊन नाहीशी होतात. कॅनडातल्या काइल एडवर्ड बॉलनं तर आधी यूट्यूबवर लोकांकडून त्यांची दुःस्वप्नं मागवून त्यांच्या छोट्या फिल्म केल्या आणि मग आईवडिलांच्या घरात सुमारे १५ हजार डॉलरांत ‘स्किनामरिंक’ उभा केला. त्यात बहुतेक वेळ छत, भिंतीचे कोपरे आणि दाराची खालची फट एवढंच दिसतं, कारण रात्री जागं झालेल्या लहान पोराला तेवढंच दिसतं. पैसा नाही ही सबब ‘होस्ट’ आणि ‘स्किनामरिंक’पुढे फारशी टिकत नाही.

राईनपाड्यावर भयपट करायचा झाला तर? मारहाण पुन्हा रचून दाखवणं हा पहिला सुचणारा आणि मला वाटतं सर्वांत चुकीचा मार्ग. ती मारहाण आधीच चित्रित झालेली आहे. मारणाऱ्यांच्याच बाजूनं, त्यांच्याच फोनांतून. दिग्दर्शकानं तीच पुन्हा उभी केली तर त्या क्लिपांत आणखी एकीची भर पडते, ती फक्त अधिक चांगल्या कॅमेऱ्यानं काढलेली असते.

इथे मला चित्रकार तय्यब मेहता आठवतात. १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी एका तरुणाला जमावाकडून मारलं जाताना पाहिलं. ते दृश्य आयुष्यभर त्यांच्या मानगुटीवर बसून राहिलं, हे त्यांनीच पुढे सांगितलेलं आहे. पण त्यांच्या कॅनव्हासवर तो जमाव कधी गोळा झाला नाही. आला तो कोसळणारा माणूस. सपाट, शांत रंगांच्या पट्ट्यांमधून एक शरीर खाली येतं, हातपाय गुंतलेले, तोंड उघडं, आणि त्याला धरायला चित्रात काहीही नाही. दुसरी प्रतिमा बांधून घातलेल्या बैलाची. १९७० मध्ये त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘कूडल’ हा सोळा मिनिटांचा लघुपट केला, तेव्हा वांद्र्याच्या कत्तलखान्यात जाऊन कॅमेरा लावला. बैलाचं मरण आणि शहरातल्या माणसांची गर्दी त्यात शेजारी-शेजारी येतात. त्याला भयपट कुणी म्हणत नाही. मी म्हणतो. तेवीस वर्षांपूर्वी खिडकीतून दिसलेली गोष्ट या माणसानं एकदाही जशीच्या तशी दाखवली नाही, आणि तरी तिच्यातलं काहीच सोडलं नाही. मारणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं त्यांनी नाकारलं. राईनपाड्यावर काम करू इच्छिणाऱ्या कलावंतानं माझ्या मते सुरुवात या नकारापासून करावी. मग उरतो तो बाजार, एसटीतून उतरलेली माणसं, त्यांच्याकडे वळणाऱ्या माना, खिशात थरथरणारे फोन, आणि प्रेक्षकाच्या हातातही एक फोन, ज्यावर तोच निरोप आलेला आहे. पुढे पाठवायचा की नाही?

महाराष्ट्रात हे सगळं लिहिताना एक आक्षेप टाळता येत नाही, आणि टाळूही नये. भुताखेतांचे सिनेमे काढणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणं, असं मानणारी एक विवेकवादी परंपरा आपल्याकडे आहे आणि तिनं त्यासाठी मोल मोजलं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते. त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला. सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते कित्येक वर्षं ओरडून सांगत आले आहेत. अशा राज्यात पडद्यावर मोकळ्या केसांची, उलट्या पायांची बाई नाचवणाऱ्याला जाब विचारायचा हक्क या कार्यकर्त्यांना नक्कीच आहे.

मी हा आक्षेप मान्य करतो, पण त्याचा निष्कर्ष मान्य करत नाही. भूत दाखवलं की नाही याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. भूत कुणाला केलं, हे पाहायला हवं. आपल्या लोकपरंपरेतल्या भुतांची यादी जरा सावकाश वाचावी. बाळंतपणात गेलेली बाई अलवंतीण होते. मुंज झाल्यावर, लग्नाआधी गेलेला पोरगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. ज्यांना जगताना काही मिळालं नाही तेच मेल्यावर आपल्याला घाबरवायला येतात. गरोदर बाईकडे दुर्लक्ष करून तिला मरू देणाऱ्या घराचं भूत होत नाही. मरणाऱ्या बाईचं होतं. भीतीची ही उलटापालट शतकानुशतकं चालत आली आहे आणि डाकीण ठरवणाऱ्या पाड्यावर तीच चालते. सिनेमा ती तशीच पुढे चालवतो तेव्हा तो खरंच धोकादायक असतो. पण हीच उलटापालट पडद्यावर पुन्हा सरळ करून दाखवता येते, आणि ते काम प्रबोधनाच्या भाषणापेक्षा भयपटाला जास्त चांगलं जमतं, कारण भीती शरीरात शिरते आणि तिथे युक्तिवादाला सहसा प्रवेश नसतो. जादूटोण्याविरुद्धच्या लढाईत भयपट काढणारे मला कार्यकर्त्यांचे शत्रू वाटत नाहीत. त्यांनी आपलं काम नीट केलं, तर ते सोबती आहेत.

मराठीत हे बऱ्याच अंशी जमलेलं उदाहरण म्हणजे विशाल फुरियांचा २०१७ चा ‘लपाछपी’. आठव्या महिन्यातली गरोदर नेहा नवऱ्यासोबत उसाच्या फडांनी वेढलेल्या एका घरात लपायला येते. घर सांभाळणारी तुळसाबाई तिची काळजी घेते, तिला जेवू-खाऊ घालते, जीव लावते. उसात मुलं लपाछपी खेळतात, ती जिवंत नाहीत. पूजा सावंतची धडपड चांगलीच आहे, पण सिनेमा उषा नाईकांचा आहे. त्यांची तुळसाबाई ज्या मायेनं गरोदर पोटाकडे बघते, त्या मायेत आपल्या आज्या, मावश्या, शेजारणी ओळखू येतात. मुलगा व्हावा म्हणून होणारे लाड आणि मुलगी झाल्यावर होणारा खून एकाच स्वयंपाकघरातून निघतात, हे त्या चेहऱ्यावर वाचता येतं. जिथे पार्श्वसंगीत दचकवायला धावतं तिथे हा सिनेमा मला कमी पडतो. पण त्याचा शेवट काढून घेतला तरी माणूस बाहेर पडताना मेलेल्या मुलांना घाबरत नाही, तुळसाबाईला घाबरतो. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. या आकड्यांची भीती कुणाला वाटायला हवी याचा पत्ता ‘लपाछपी’नं बरोबर शोधला होता.

त्याच उसात आणखी एक भयपट पडून आहे, आणि तो अजून कुणी केलेला नाही याची मला रुखरुख आहे. बीडमधून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून दरवर्षी लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. हंगामाआधी मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याचा. फडाशेजारी पाचटाच्या, प्लॅस्टिकच्या कोप्या, पाण्याची वानवा, संडास नाही. पहाटे तोड सुरू, रात्री-अपरात्री गाडी आली की डोक्यावर मोळ्या घेऊन भरायच्या. एक दिवस काम चुकलं की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापून घेतले जातात. पाळीच्या दिवसांत, दुखण्यात, बाळंतपणातही खाडा तो खाडाच. मग कुणीतरी सांगतं की पिशवी काढून टाक, कटकट जाईल. दवाखान्यात सांगतात की पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांत ऐन तिशीतल्या आणि त्याहून लहान बायका होत्या.

यात भीती किती ठिकाणी कामाला लावलेली आहे ते बघा. खाड्याची भीती, उचल न फिटण्याची भीती, कॅन्सरची भीती. आणि प्रत्येक भीतीवर कुणीतरी पैसे मिळवतो आहे. यावर नेहमीच्या पद्धतीचा भयपट काढला तर काय होईल ते मला आताच दिसतं: उसात फिरणारी, पोट फाडलेली, पांढऱ्या डोळ्यांची बाई. म्हणजे पुन्हा अलवंतीण. पुन्हा जिचं गेलं तिचीच भीती.

मी वेगळी कल्पना करतो. या फिल्ममध्ये भूत म्हणजे खाडा. जोडप्यातली बाई तापानं एक दिवस कामावर जात नाही. संध्याकाळी कोपीत एक माणूस बसलेला असतो, पाठमोरा, काही न बोलणारा. तो जेवत नाही, झोपत नाही, फक्त जागा घेतो. पुढच्या महिन्यात पाळीच्या दुखण्यानं दोन दिवस जातात. आता कोपीत तिघं. पोराला अंगावर घेऊन झोपायला जागा उरत नाही. बाईला ते दिसतात, नवऱ्याला दिसतात, पण त्याविषयी दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत. ते मोजता येतात एकट्या मुकादमाला; तो कोपीच्या तोंडाशी येतो, वाकून आत बघतो आणि वहीत आकडा लिहितो. कॅमेरा कोपीच्या बाहेर फार जाऊ नये. उसाचं पातं पात्यावर घासल्याचा आवाज, लांबून येणाऱ्या ट्रॅक्टरची गाणी, रात्री हाका, एवढाच ध्वनी. बाईचं शरीर कापलं जाताना दाखवायचं नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावरचा करडा, दाणेदार धूर दाखवायचा, आणि त्या धुरात बोट ठेवून ‘ही बघा सूज’ म्हणणारा आवाज ऐकवायचा. तिला त्यात काहीच दिसत नाही, प्रेक्षकालाही दिसत नाही. आणि दोघंही मान हलवतात. परतल्यावर कोपी रिकामी असते. त्या रिकाम्या कोपीत ती बसते तेव्हा प्रेक्षकाला जे वाटेल त्यासाठी मला कोणताही फलक नको आहे. ही फिल्म कुठेही कापा, भीती वहीच्याच दिशेनं जाईल.

दुसऱ्याच्या दुःखावर थरार विकायचा आपल्याला काय अधिकार, असंही विचारलं जाईल. शहरातल्या कलावंतानं हा प्रश्न स्वतःला दररोज विचारला पाहिजे. पण त्यामुळे काम सोडून देणं हे मला उत्तर वाटत नाही, कारण थरार तर आधीच विकला जातो आहे; दवाखान्यात कॅन्सरच्या नावानं विकला जातो, फोनवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या नावानं विकला जातो. भीतीचा धंदा करणारे तंत्रात कुठेही मागे नाहीत. ऊसतोड कामगारांची मुलं-मुली आता शिकतात, त्यांच्या हातात फोन आहेत, कोपीची रात्र त्यांना ऐकून नव्हे, झोपून माहीत आहे. ही फिल्म त्यांनी केली तर सर्वांत बरं. शहरातल्या माणसानं केली तर निदान गोष्ट लिहिताना आणि संकलनाच्या टेबलावर या बायका शेजारी असाव्यात.

आणि ती आधी महोत्सवात जाऊ नये. हंगाम संपल्यावर ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात, आणि पावसाळ्यात पुढच्या हंगामाची उचल वाटायला मुकादम फिरू लागतात. ती फिल्म त्या दिवसांत दाखवावी, गावातल्या शाळेत किंवा समाजमंदिरात, बायका पुढे आणि मुकादमही बोलावलेले. दिग्दर्शकानं मागे भिंतीशी उभं राहून पडद्याकडे पाठ करावी आणि कोपीत चौथा माणूस येऊन बसतो तेव्हा लोक कुणाकडे वळून बघतात, ते वहीत टिपून घ्यावं. ते कुणाकडेच वळले नाहीत, तर परत संकलनाला बसावं.